ठिगळ तयार होतं, तरीही…

नंदुरबार जिल्ह्यातल्या काही शिक्षकांशी एकदा आम्ही संगणकाबद्दल गप्पा मारत होतो. त्यात एका आश्रमशाळेतल्या बाईंनी प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "सर, आमचं जनरल रजिस्टर कपाटात असतं. कपाटाला कुलूप आहे, किल्ली मुख्याध्यापकांकडे असते. पण तीच माहिती मी संगणकात भरून वर पाठवते, तेव्हा ती ज्या कपाटात जाते त्याला कुलूप आहे का? आणि ते कुलूप बिघडलं, तर दुरुस्त कोण करतं?"

आम्ही तेव्हा दोन-तीन वाक्यांत उत्तर देऊन मोकळे झालो. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. कुलूप आहे का, हे बहुतेक जण विचारतात. बिघडलेलं कुलूप दुरुस्त कोण करतं, कसं करतं आणि किती दिवसांत करतं, हे सहसा कोणी विचारत नाही. खरी गोम तिथेच आहे. या लेखात आपण तेवढंच नीट बघू या.

हा प्रश्न नंदुरबारमध्ये विचारला जावा, हेही साजेसंच. २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात, टेंभली या गावी, तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. पहिला क्रमांक मिळाला तो गावातल्या रंजना सोनवणे यांना. त्या दिवशी टेंभलीतल्या दहा जणांच्या नावापासून सुरू झालेल्या नोंदी आज १३० कोटींच्या पुढे गेल्या आहेत. नाव, जन्मतारीख, पत्ता, दहा बोटांचे ठसे, डोळ्यांच्या बुबुळांचे नमुने असं सगळं त्यात आहे. ही माहिती टेंभलीत नाही, नंदुरबारलाही नाही. ती बंगळुरू आणि मानेसर इथल्या माहिती केंद्रांत आहे. तिथे काही गडबड झाली असं आम्ही मुळीच म्हणत नाही. मुद्दा एवढाच की सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाची माहिती आता शेकडो किलोमीटर दूरच्या कपाटात असते, आणि त्या कपाटाचं कुलूप त्याला दिसत नाही.

खिडकीतला कारकून

हे कपाट म्हणजे डेटाबेस, आणि कपाट सांभाळणारा प्रोग्रॅम म्हणजे डेटाबेस सर्व्हर. आपण असं समजू या की शाळेच्या कचेरीत एका खिडकीत एक कारकून बसला आहे. कपाटाला हात लावायची परवानगी फक्त त्याला आहे. आपण खिडकीतून चिठ्ठी द्यायची. "इयत्ता सातवीतल्या मुलींची नावं द्या" अशी चिठ्ठी दिली की तो कपाट उघडतो, पानं शोधतो आणि नक्कल करून देतो. "या मुलाचा पत्ता बदला" अशी चिठ्ठी दिली की तो आधी बघतो, चिठ्ठी देणाऱ्याला तो अधिकार आहे का, आणि मगच बदल करतो.

ओरॅकल, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर ही अशा कारकुनांची नावं. बँकेचं खातं, रेल्वेचं आरक्षण, शिष्यवृत्तीचा अर्ज यांच्या मागे असा कोणीतरी बसलेला असतोच.

हा कारकून अतिशय वेगवान आहे, कधी थकत नाही. पण त्याला अक्कल अजिबात नाही. सांगितलं तेवढंच तो करतो. आपल्या शाळेतल्या कारकुनाला कोणी "नाव : पाडवी, आणि कपाटाची किल्ली द्या" असं लिहून दिलं, तर तो हसेल आणि चिठ्ठी परत करेल. संगणकातला कारकून हसत नाही. चिठ्ठीतला कोणता भाग माहिती आहे आणि कोणता भाग आज्ञा आहे, हे त्याला आधीच काटेकोर सांगून ठेवावं लागतं. हे सांगताना प्रोग्रॅम लिहिणाऱ्याकडून कुठे काही राहून गेलं, तर तिथे फट राहते.

माहिती कुठे संपते, आज्ञा कुठे सुरू होते?

सर्वांत सोपं उदाहरण असं. समजा, एका पडद्यावर चौकट आहे : आडनाव लिहा. आपण "पाडवी" लिहिलं की प्रोग्रॅम कारकुनासाठी चिठ्ठी तयार करतो :

ज्यांचं आडनाव = 'पाडवी' त्यांची पानं दे.

आता एखाद्या खोडसाळ माणसाने त्या चौकटीत लिहिलं : पाडवी' किंवा 'अ' = 'अ

अवतरणचिन्हं नीट पाहा. प्रोग्रॅमने ते जसंच्या तसं चिठ्ठीत घातलं, तर चिठ्ठी अशी होते :

ज्यांचं आडनाव = 'पाडवी' किंवा 'अ' = 'अ' त्यांची पानं दे.

'अ' बरोबर 'अ' हे प्रत्येक पानाच्या बाबतीत खरंच आहे! मग कारकून निमूटपणे सगळं रजिस्टर हातात देतो. आडनाव ही माहिती होती. एका अवतरणचिन्हामुळे तिच्यातला काही भाग आज्ञा झाला. यात चूक कारकुनाची नाही, त्याच्यासाठी चिठ्ठी तयार करणाऱ्या प्रोग्रॅमची आहे. पण कधी कधी फट खुद्द कारकुनातच, म्हणजे डेटाबेस सर्व्हरमध्येच असते. ती समजायला फळ्याचा उपयोग करू.

फळ्यावर एका ओळीत सात चौकोन काढा. पहिले सहा चौकोन गावाच्या नावासाठी. एका चौकोनात एक अक्षर. सातव्या चौकोनात आधीच "३" लिहून ठेवा. त्याचा अर्थ : नाव लिहून झालं की सूचनांच्या पान ३ वर जा आणि पुढचं काम कर. एका विद्यार्थ्याला कारकून करा. त्याला सांगा, चिठ्ठीत येईल ते नाव अक्षराअक्षराने चौकोनांत लिहायचं, मग सातव्या चौकोनात जे असेल त्याप्रमाणे वागायचं.

"मो-ल-गी" तीन चौकोन. "न-वा-पू-र" चार. "अ-क्क-ल-कु-वा" पाच. सगळं सुरळीत चालतं. आता अशी चिठ्ठी द्या, जिच्यात गावाच्या नावाच्या जागी सात अक्षरं आहेत : कोणतीही सहा, आणि सातवं "मा". कारकुनाला आधीच सांगून ठेवा की "मा" म्हणजे "चिठ्ठीची मागची बाजू". तो इमानेइतबारे अक्षरं लिहीत जातो. सातव्या अक्षराला "३" पुसला जातो आणि तिथे "मा" येतो. मग तो चिठ्ठी उलटतो आणि मागे लिहिलेल्या सूचना पाळू लागतो. मागे काय लिहायचं, हे चिठ्ठी देणाऱ्याच्या मर्जीवर!

वर्गात यावर हशा पिकतो. पण संगणकाच्या स्मृतीत असंच होतं. तिथेही माहितीसाठी राखलेल्या जागेला लागूनच "पुढे कुठे जायचं" हा पत्ता ठेवलेला असतो. राखलेल्या जागेपेक्षा जास्त मजकूर आला आणि मोजल्याशिवाय लिहिला, की पत्ता बदलतो. कारकून तोच, पण आता तो दुसऱ्याचं काम करत असतो.

ठिगळ म्हणजे काय?

फळ्यावरच्या कारकुनाची चूक कशी सुधारायची, हे मुलांनाच विचारा. उत्तर लगेच येतं : लिहिण्याआधी अक्षरं मोजायची, सहाहून जास्त असली तर चिठ्ठी परत करायची. बस्स, एवढंच. एक ओळ वाढली. हेच ठिगळ.

हा शब्द नुसता अलंकारिक नाही. पूर्वी संगणकाला आज्ञा देण्यासाठी भोकं पाडलेली कागदी पट्टी वापरत. चुकीच्या जागी भोक पडलं तर त्यावर खरोखरच कागदाचा तुकडा चिकटवत. १९४४ साली हार्वर्ड विद्यापीठात सुरू झालेल्या 'मार्क १' या संगणकाची अशी ठिगळं लावलेली पट्टी जपून ठेवलेली आहे. आज ठिगळ म्हणजे बदललेल्या प्रोग्रॅमचा एक तुकडा. तो कंपनी किंवा प्रोग्रॅम तयार करणारा गट प्रसिद्ध करतो, आणि जिथे जिथे तो प्रोग्रॅम चालतो तिथे तिथे कोणीतरी तो बसवायचा असतो. ठिगळ तयार करणारा एक आणि लावणारे हजारो. तयार होणं आणि लावलं जाणं यांच्यामध्ये काही दिवस जातात. सारा धोका या मधल्या दिवसांत असतो. त्याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे.

१८५ दिवस

मायक्रोसॉफ्टच्या 'एसक्यूएल सर्व्हर २०००' या डेटाबेस सर्व्हरमध्ये, आपण फळ्यावर पाहिली तशीच फट होती. बाहेरून येणाऱ्या एका प्रकारच्या छोट्या निरोपातलं नाव, त्याची लांबी न मोजता, ठरावीक जागेत लिहिलं जाई. डेव्हिड लिचफिल्ड या सुरक्षातज्ज्ञाने ती शोधली आणि कंपनीला कळवली. २४ जुलै २००२ रोजी कंपनीने ठिगळ प्रसिद्ध केलं. ते कोणालाही फुकट मिळत होतं.

२५ जानेवारी २००३ हा शनिवार होता. आपल्याकडे दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन. भारतीय वेळेनुसार सकाळी अकराच्या सुमारास इंटरनेटवर एक किडा सुटला. किडा म्हणजे स्वतःच्या नकला करून आपणहून पसरणारा प्रोग्रॅम. कोणी फाइल उघडण्याची त्याला गरज नसते. याला पुढे 'स्लॅमर' हे नाव पडलं. तो केवळ ३७६ बाइटचा होता. देवनागरीतलं एक चिन्ह साठवायला आज सहसा ३ बाइट लागतात. म्हणजे हा किडा आपल्या लिपीतल्या सव्वाशे चिन्हांएवढा, या लेखातल्या एका लांब वाक्याएवढा! तो सर्व्हरमध्ये शिरला की तिथूनच जगातल्या वाटेल त्या पत्त्यांवर स्वतःच्या नकला भिरकावू लागे. पत्ता चुकला तर चुकला. सेकंदाला हजारो चिठ्ठ्या फेकल्यावर काही लागतातच.

सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांनी किडलेल्या सर्व्हरची संख्या दुप्पट होत होती. आता वर्गात गणित करून घ्या. बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांची गोष्ट मुलांना माहीत असतेच. एकापासून सुरुवात करून सोळा वेळा दुप्पट केलं तर ६५,५३६ होतात. १६ गुणिले ८.५ सेकंद म्हणजे १३६ सेकंद, जेमतेम सव्वादोन मिनिटं. प्रत्यक्षात थोडा जास्त वेळ लागला, कारण एवढ्या चिठ्ठ्यांनी तारा तुंबल्या आणि किड्याची वाट त्यानेच अडवली. तरीही, ज्यांच्यात ही फट उघडी होती अशांपैकी सुमारे ९० टक्के सर्व्हर दहा मिनिटांत किडले. एकूण किमान ७५,००० सर्व्हर. तुलनेसाठी : २००१ सालच्या 'कोड रेड' या किड्याला दुप्पट व्हायला सुमारे ३७ मिनिटं लागत. त्याला सोळा वेळा दुप्पट व्हायला किती वेळ लागेल? जवळजवळ दहा तास. दहा तासांत माणूस काहीतरी करू शकतो. दहा मिनिटांत माणूस चहाही संपवत नाही.

दक्षिण कोरियात इंटरनेट मोठ्या प्रमाणावर ठप्प झालं. अमेरिकेत एका मोठ्या बँकेच्या हजारो एटीएममधून पैसे निघेनात. सिॲटलजवळच्या एका शहरात, संकटकाळी येणाऱ्या फोनची नोंद करणारे संगणक बंद पडले आणि कर्मचारी कागद-पेन्सिल घेऊन बसले. ओहायो राज्यातल्या डेव्हिस-बेसी या अणुवीज केंद्रात, सुरक्षेची मोजमापं दाखवणारी यंत्रणा जवळजवळ पाच तास बंद होती. अणुभट्टी त्या वेळी सुदैवाने चालू नव्हती.

२४ जुलै ते २५ जानेवारी हे दिवस मोजा : १८५. इतके दिवस ठिगळ तयार होतं. ते लावलेल्या एकाही सर्व्हरमध्ये हा किडा शिरू शकत नव्हता.

आणखी एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. स्लॅमरने कोणाची माहिती चोरली नाही की कोणती फाइल पुसली नाही. तो फक्त पसरत राहिला. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की तो नाहीसाही होई. ठिगळ नसेल तर काही मिनिटांत पुन्हा येई, एवढंच. पण ज्या फटीतून तो शिरला, त्याच फटीतून दुसरा कोणी गुपचूप शिरून सगळी पानं वाचू शकला असता. आवाज करत आलेल्या चोरामुळे, दार सहा महिने उघडं होतं हे कळलं. गुपचूप येणाऱ्याचं कळतही नाही.

लोकांनी ठिगळ का लावलं नाही?

आळस, हे सोपं उत्तर. ते पूर्ण खरं नाही.

पहिलं कारण, ठिगळ लावायचं तर सर्व्हर काही वेळ थांबवावा लागतो. बँक, दवाखाना, वीजकेंद्र यांना "थोडा वेळ" कधीच सोयीचा नसतो. दुसरं, ठिगळाचीही भीती वाटते. ते लावल्यावर चालू असलेलं काही बंद पडलं तर? ही भीती अनाठायी नाही, तसं घडतं. तिसरं कारण गमतीचं आहे. अनेकांना आपल्याकडे हा सर्व्हर आहे, हेच माहीत नव्हतं! त्याची एक छोटी आवृत्ती इतर अनेक प्रोग्रॅमांच्या पोटात घालून दिलेली होती. आपल्या घरात एक जादा दार आहे हेच ठाऊक नसेल, तर त्याला कडी कोण घालणार? खुद्द मायक्रोसॉफ्टच्या काही यंत्रांनाही स्लॅमरने गाठलं, यावरून हे काम किती निसरडं आहे ते कळतं.

दुसऱ्यांना कशाला नावं ठेवायची? आमच्या प्रयोगशाळेत मोजमापांच्या नोंदी ठेवणारा एक सर्व्हर आहे. एकदा त्याच्यासाठी ठिगळ आल्याची सूचना आली. तेव्हा एक लांबलचक प्रयोग चालू होता. "हा संपू दे" असं आम्ही म्हणालो. तो संपला तेव्हा दुसरा सुरू झाला होता. मग सुट्ट्या आल्या. असं करता करता चार महिने गेले. काही विपरीत घडलं नाही. पण ते नशीब, आमची हुशारी नव्हे.

सांगायचं की लपवायचं?

आता एक अवघड प्रश्न. फट कुठे आहे हे कोणी जाहीरच केलं नाही तर?

अडचण अशी आहे की ठिगळ प्रसिद्ध करणं म्हणजेच फट जाहीर करणं. जुना प्रोग्रॅम आणि नवा प्रोग्रॅम शेजारी ठेवले की फरक दिसतो : इथे आधी मोजत नव्हते, आता मोजतात. म्हणजे भोक इथे होतं! सदऱ्याला लावलेलं ठिगळ जसं सदरा कुठे फाटला होता ते सांगतं, तसंच हे. त्यामुळे ज्या दिवशी ठिगळ येतं, त्या दिवसापासून ते न लावणारा माणूस आधीपेक्षा जास्त धोक्यात असतो.

लिचफिल्डने ठिगळ आल्यानंतर, ऑगस्ट २००२ मध्ये, तज्ज्ञांच्या एका परिषदेत या फटीबद्दल जाहीरपणे सांगितलं आणि ती कशी वापरता येईल याचा नमुनाही दाखवला. स्लॅमरचा काही भाग त्या नमुन्याशी जुळणारा होता, हे पुढे त्यानेच सांगितलं आणि असे नमुने प्रसिद्ध करावेत का, याचा नव्याने विचार करायला हवा असंही म्हटलं. मग त्याने गप्प बसायला हवं होतं का? फट आपल्या गप्प बसण्याने बुजत नाही. जी फट एका भल्या माणसाला सापडली, ती दुसऱ्या कोणालाही सापडू शकते. आणि तो कंपनीला कळवत बसणार नाही.

यातून एक मधला मार्ग निघाला. पोस्टग्रेस हा जगभरच्या लोकांनी मिळून तयार केलेला, कोणालाही फुकट वापरता येणारा डेटाबेस सर्व्हर. पुण्यात बसून त्यावर काम करणारे अभियंतेही आहेत. २०१३ साली त्यात एक गंभीर फट सापडली. तीही आपल्या ओळखीचीच : डेटाबेसचं नाव जिथे द्यायचं, तिथे नावाची सुरुवात आडव्या रेघेने केली तर सर्व्हर त्याला नाव न समजता सूचना समजत असे, आणि त्यातून त्याच्या फायली खराब करता येत. या गटाचं सगळं काम एरवी उघड्यावर चालतं. कोणी कोणती ओळ बदलली हे कोणीही पाहू शकतो. या वेळी त्यांनी तो पाहण्याचा मार्ग काही दिवस बंद केला. २८ मार्चला एवढंच जाहीर केलं की ४ एप्रिलला महत्त्वाचं ठिगळ येत आहे, तयारीत राहा. काय बिघडलं आहे, ते सांगितलं नाही. जगभरच्या लोकांना सर्व्हर थांबवण्याची वेळ ठरवायला आठवडा मिळाला. ४ एप्रिलला ठिगळ आणि तपशील दोन्ही एकदम बाहेर आले. उघडपणा सोडला नाही, फक्त त्याची वेळ ठरवून घेतली.

ही सवलत दिवसेंदिवस आक्रसते आहे. डिसेंबर २०२५ मध्ये 'मोंगोडीबी' या डेटाबेस सर्व्हरमध्ये एक फट जाहीर झाली. फळ्यावरच ती दाखवता येईल. "मी सहा अक्षरं पाठवतो" असं सांगायचं आणि दोनच पाठवायची. कारकून मोजत नाही. तो सहाही चौकोन वाचून दाखवतो. उरलेल्या चार चौकोनांत आधीच्या माणसाची नीट न पुसलेली अक्षरं असतात, ती आयती मिळतात! ठिगळ आल्यापासून दोन आठवड्यांच्या आतच या फटीतून हल्ले सुरू झाले. २००३ साली १८५ दिवस मिळाले होते.

आपल्या शाळेचं काय?

दूरच्या केंद्रातल्या सर्व्हरला ठिगळ लावणं शिक्षकाच्या हातात नाही. मग हे सगळं आपण का समजून घ्यायचं?

त्यासाठी नंदुरबारला परत येऊ. या भागातल्या आदिवासी समाजात सिकलसेलचा आजार आढळतो. १ जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे तिचं उद्दिष्ट. तपासणी हवीच, तिच्यामुळे जीव वाचतात. पण प्रत्येक तपासणीबरोबर एक नोंद तयार होते : ही मुलगी वाहक आहे, या मुलाला आजार आहे. ही नोंद डॉक्टरांच्या हाती असेल तर उपयोगाची. ती भलत्याच्या हाती गेली तर त्या मुलीच्या लग्नापर्यंत त्रास होऊ शकतो.

ठिगळाची मर्यादा इथे कळते. ठिगळ फट बुजवतं. फटीतून आधीच बाहेर गेलेलं परत आणत नाही. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. बोटांचे ठसे, जन्मतारीख, सिकलसेलचा निकाल बदलता येत नाही. म्हणून "लावू सावकाश" हे वाक्य इथे महागात पडतं, आणि त्याची किंमत सावकाशपणा करणाऱ्याला मोजावी लागत नाही, ज्याची माहिती आहे त्याला मोजावी लागते.

आपल्या हातात काय आहे, ते बघू.

पहिलं, शाळेचा स्वतःचा संगणक. 'अपडेट करा' अशी सूचना आली की आपण ती पुढे ढकलतो. ती सूचना म्हणजे बहुतेकदा ठिगळच असतं. विंडोज ७ या प्रणालीला ठिगळं मिळणं १४ जानेवारी २०२० ला थांबलं आणि विंडोज १० ला नेहमीची ठिगळं मिळणं १४ ऑक्टोबर २०२५ ला. असा संगणक चालतो, त्यामुळे तो बरा आहे असं वाटतं. पण त्यात नवी फट सापडली तर ती तशीच राहते. त्यावर मुलांची माहिती ठेवू नये हे उत्तम.

दुसरं, प्रत. अपडेट करण्याआधी महत्त्वाच्या फायलींची नक्कल वेगळ्या ठिकाणी ठेवावी. मोठ्या माहिती केंद्रांतही हाच क्रम असतो : आधी नक्कल, मग वेगळ्या सर्व्हरवर ठिगळाची चाचणी, मग खऱ्या सर्व्हरवर, आणि शेवटी वहीत तारीख. ठिगळ लावेपर्यंत निदान बाहेरचं दार बंद ठेवावं. स्लॅमर ज्या १४३४ क्रमांकाच्या दारातून येई ते दार बाहेरच्यांसाठी ज्यांनी बंद ठेवलं होतं, त्यांपैकी पुष्कळ जण ठिगळाविनाही बचावले.

तिसरं, नको ती माहिती गोळाच करू नये. सहलीच्या यादीत आधार क्रमांक कशाला? हजेरीच्या तक्त्यात आजाराचा रकाना कशाला? जी नोंद केलीच नाही, ती कोणत्याही फटीतून बाहेर पडत नाही.

चौथं, विचारावं. शाळेने किंवा संस्थेने एखाद्याकडून निकालपत्रकाचा किंवा फीचा प्रोग्रॅम करून घेतला असेल, तर त्याला साधे प्रश्न विचारावेत. याच्या पोटात कोणता डेटाबेस सर्व्हर आहे? त्याला शेवटचं ठिगळ कधी लावलं? पुढचं कोण लावणार? देशात 'सर्ट-इन' ही सरकारी संस्था २००४ पासून अशा फटींच्या सूचना प्रसिद्ध करते. त्या हा माणूस वाचतो का? २०२३ साली संमत झालेल्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, माहिती ठेवणाऱ्याने ती सुरक्षित राहील अशी वाजवी काळजी घेण्याचं बंधन आहे. त्यामुळे असं विचारणं म्हणजे आगाऊपणा नव्हे.

स्लॅमरच्या दिवशी आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांनी वेळेवर ठिगळ लावलं होतं, त्यांचे सर्व्हर किडले नाहीत. पण तारा तुंबल्यामुळे त्यांचंही काम थांबलं. गावात निम्म्या घरांनी पाण्याची टाकी उघडी ठेवली, तर डास झाकण लावलेल्या घरातल्या माणसालाही चावतो. तसंच हे आहे.

त्या बाईंना आता आम्ही असं उत्तर देऊ : कपाटाला कुलूप आहे. पण कुलपात अधूनमधून फट सापडते, आणि सापडतच राहणार, कारण ते माणसांनी केलेलं आहे. दुरुस्तीचं सामान बहुतेक वेळा लवकर मिळतं. ते लावायला अमुक एक माणूस नेमलेला आहे का, आणि त्याने लावलं का, एवढंच विचारत राहायचं. जनरल रजिस्टर कपाटात ठेवल्यावर आपण कडी एकदा ओढून पाहतो ना, तसं.

वर्गात करून पाहण्यासाठी

१. सात चौकोनांचा खेळ आधी ठिगळाशिवाय आणि मग ठिगळ लावून खेळा. ठिगळ लावल्यावर कारकुनाला चिठ्ठीमागे किती जास्त वेळ लागला, तो घड्याळ लावून मोजा. सुरक्षिततेसाठी तेवढा वेळ देणं योग्य वाटतं का, यावर चर्चा करा.

२. दर साडेआठ सेकंदांनी दुप्पट, हा आलेख १० वेळांपर्यंत काढा. आलेखाचा कोणता भाग पाहून "आता काहीतरी करायला हवं" असं आपल्या लक्षात येतं? तोवर किती उशीर झालेला असतो?

३. वर्गाचे दोन गट करा. एकाने "फट सापडल्याबरोबर सगळ्यांना सांगावं" ही बाजू घ्यावी, दुसऱ्याने "ठिगळ बहुतेकांनी लावेपर्यंत गप्प राहावं" ही. दहा मिनिटांनी बाजू बदला.